पी हळद आणि हो गोरी

‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उतावळेपणास हसण्यासाठी योजिली. हळद गुणकारी खरी. परंतु तिचा गुण घोटासरशी दिसावा, ही अपेक्षा वेडेपणाची. हळदीचा गेल्या दोन शतकांचा इतिहास पाहिला असता या म्हणीतील शहाणपण अधिकच पटते.

सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीत खोल पेवे खणून हळद साठविण्याची रीत जुनी आहे. ही हळद फोडणीत पडे, जखमेवर दाबली जाई, वधूवरांच्या अंगास लागे. १८१५ साली व्होगेल व पेलतिए या रसायनज्ञांनी तिच्यातील पिवळे द्रव्य वेगळे काढले. तेच कर्क्युमिन. १९१० साली त्याची रासायनिक रचनाही उलगडली. पेशींची हानी करणाऱ्या ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंना हे द्रव्य परीक्षानळीत निष्प्रभ करते असे दिसून आले आणि ते यकृताचे व मेंदूचे रक्षण करील, अशी आशा निर्माण झाली.

१९९५ साली अमेरिकेत जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे पेटंट दिले गेले. गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले व १९९७ साली ते रद्द झाले. आपणां सर्वांस त्याचा सार्थ अभिमान वाटला.

परंतु परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. त्यासोबत मिऱ्यातील पायपरिन दिल्यास शोषण सुमारे वीसपट वाढते, असे १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले. मग अशा जोडीच्या कॅप्सूल बाजारात आल्या. स्मृतिभ्रंशावर त्यांचा उपयोग होतो, हे माणसांवरील चाचण्यांत अद्याप सिद्ध झालेले नाही. उलट, ऑगस्ट २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध-नियामक संस्थेने इशारा दिला. यकृताच्या तक्रारींची १८ प्रकरणे तिच्याकडे आली होती. त्यांपैकी ९ प्रकरणांत हळदीचे औषध कारणीभूत असावे असे मानण्याइतकी माहिती होती, आणि एका रुग्णाचा मृत्यू झाला होता. अधिक मात्रेच्या व अधिक शोषल्या जाणाऱ्या औषधांत धोका अधिक असू शकतो. आहारातील नेहमीच्या हळदीत तो दिसत नाही, असेही तिने सांगितले.

माझे सारे शिक्षण याच देशात झाले. शाळेत माझ्या डब्यातील पिवळ्या भाजीस मुले हसत. तीच हळद पुढे येथील औषधाच्या दुकानात दिमाखाने मांडलेली पाहिली, तेव्हा मला धन्यता वाटली आणि घरच्या वडीलधाऱ्यांस मीच त्या कुप्या आणून दिल्या. ते इतर कोणती औषधे घेतात, हेदेखील विचारले नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणतात, ते हेच!

म्हणून वाचकांस एवढीच विनंती. स्वयंपाकघरातील हळद निर्धास्तपणे वापरावी. कॅप्सूल घेत असल्यास डॉक्टरांस अवश्य सांगावे. पूर्वी यकृताचा विकार झाला असल्यास तर विचारल्याविना घेऊच नये. डोळे पिवळे दिसल्यास वा लघवी गडद झाल्यास ती तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. वाडवडिलांनी हळदीस मान दिला तसेच तिचे प्रमाणही घालून दिले. तो वारसा आपण दोन्ही अंगांनी सांभाळला पाहिजे.