नान्त फ्रँकॉन

नान्त फ्रँकॉन ही युनायटेड किंग्डममधील वेल्सच्या वायव्य भागात, एरिरी (स्नोडोनिया) राष्ट्रीय उद्यानात असलेली हिमनदीनिर्मित दरी आहे. तिच्या पश्चिमेस ग्लिडेराय आणि पूर्वेस कार्नेदाय या पर्वतरांगा आहेत. हिमनदीच्या कार्याच्या ठळक खुणांमुळे भूगोलाचे अभ्यासक आणि डोंगरभटके या दरीला आवर्जून भेट देतात.

भूरचना

दरीच्या माथ्याशी ओग्वेन हे उथळ सरोवर आहे. त्यातून निघणारी ओग्वेन नदी खडकाळ पायरीवरून धबधब्याच्या रूपाने खाली उतरते, सपाट तळावरून उत्तरेकडे वाहते आणि बेथेस्डा गावाजवळून जाऊन पुढे बँगोरजवळ मेनाय सामुद्रधुनीस मिळते. नदीने खोदलेली दरी डोंगराळ भागात सामान्यतः इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी अरुंद असते. ही दरी मात्र ‘यू’ अक्षरासारखी रुंद तळाची व उभ्या कडांची आहे. हिमनदीने तिचा तळ व दोन्ही बाजू एकाच वेळी खरवडल्याने तिला हा आकार आला. बर्फ वितळल्यावर तळाशी साचलेले सरोवर कालांतराने गाळाने भरले व तेथे कुरणे झाली.

पश्चिमेकडील उतारांवर आरामखुर्चीच्या आकाराची हिमगव्हरे ओळीने आढळतात. ईशान्याभिमुख उतारांवर ऊन कमी पडत असल्याने तेथे बर्फ दीर्घकाळ टिकला व गव्हरे खोल झाली. माथ्याजवळील कूम इद्वाल हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या थंड कालखंडात येथे लहान हिमनदी पुन्हा तयार झाली. तिने आणून टाकलेले हिमोढ आज लहान टेकड्यांच्या स्वरूपात दिसतात.

अभ्यासाचा इतिहास

ऑगस्ट १८३१ मध्ये भूवैज्ञानिक ॲडम सेजविक आणि तरुण चार्ल्स डार्विन यांनी कूम इद्वालमध्ये जीवाश्मांचा शोध घेतला. खडकांवरील ओरखडे, विखुरलेले प्रचंड दगड आणि हिमोढ समोर असूनही दोघांपैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नाहीत. लुई अगासी यांची हिमयुगाची कल्पना ब्रिटनमध्ये पोहोचल्यानंतर, १८४२ मध्ये डार्विन पुन्हा येथे आले. त्या वेळी त्यांनी याच खुणा ओळखल्या व त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुरावा डोळ्यांसमोर असूनही योग्य कल्पनेवाचून तो दिसत नाही, याचे हे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात नेहमी दिले जाते.

पदभ्रमण व संवर्धन

दरीच्या माथ्याभोवती ट्रिव्हान (सुमारे ९१८ मी.), अ गार्न (९४७ मी.) आणि पेन अर ओले वेन (९७८ मी.) ही शिखरे आहेत. लंडन–होलीहेड मार्ग दरीतून जात असल्याने ती सहज गाठता येतात. मात्र हिमक्रियेने घडलेले उभे कडे व धारदार कणे धुके आणि बर्फात धोकादायक ठरतात.

कूम इद्वाल १९५४ मध्ये वेल्समधील पहिले राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झाले. येथील कड्यांच्या कपारींत ‘स्नोडन लिली’ ही दुर्मीळ वनस्पती वाढते. ब्रिटनमध्ये ती केवळ एरिरीतील मोजक्या ठिकाणी आढळते. मेंढ्यांच्या चराईमुळे ती दुर्गम कपारींपुरती उरली आहे. हवामान उष्ण होत गेल्यास थंडीत वाढणाऱ्या अशा वनस्पतींना अधिक उंचीवर सरकावे लागते; परंतु येथील शिखरे फार उंच नसल्याने त्यांना वर जाण्यास जागा थोडीच आहे.