कडक चहाचा शोध कुणी लावला?

कानात इयरफोन असेल तर उत्तम, आणि वाचत असाल तर हा त्याच भागाचा मजकूर आहे, थोडा झाडूनपुसून घेतलेला. आजचा विषय तुमच्या हातात आत्ता असण्याची शक्यता बरीच आहे. कडक चहा.

टपरीवर आपण म्हणतो, "दोन कटिंग, कडक." चहावाल्याला ते कळतं, आपल्यालाही कळतं. पण कडक म्हणजे नेमकं काय? रंग? कडवटपणा? जिभेला बसणारी ती पकड? मी कामाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे "व्याख्या सांगा" ही माझी जुनी खोड. ती व्याख्या शोधायला निघालो आणि थेट आसामात पोहोचलो.

आपल्याकडे चहाचं झाड म्हटलं की लोक चीनचं नाव घेतात. बरोबरच आहे, पण आपल्या पातेल्यातला चहा त्या झाडाचा नाही. वरच्या आसामात सिंगफो लोक चहाची पानं भाजून, बांबूच्या नळीत दाबून, धुरावर ठेवून वापरत होते. त्यांच्या जंगलातलं झाड वेगळ्या जातीचं, पान मोठं आणि रस भरपूर. 1823 मध्ये रॉबर्ट ब्रूस नावाचा एक स्कॉटिश व्यापारी सिंगफो प्रमुख बिसा गाम यांना भेटला. त्याला तिकडची वाट दाखवणारा माणूस होता मणिराम दत्त, पुढे मणिराम दिवाण म्हणून ओळखला गेलेला. 1834 मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी चहा समिती नेमली. 10 जानेवारी 1839 ला लंडनमध्ये आसाम चहाच्या पहिल्या 8 पेट्यांचा लिलाव झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी उभी राहिली.

मणिराम त्या कंपनीचा दिवाण झाला. काही वर्षांत नोकरी सोडून त्याने जोरहाटजवळ सिनामारा इथे स्वतःची बाग लावली. एका भारतीय माणसाने स्वतःच्या हिमतीवर चहाची बाग लावायची, हे त्या काळात साधं नव्हतं. 1857 च्या उठावात कट केल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि 26 फेब्रुवारी 1858 ला जोरहाटला त्याला फाशी दिली. आपल्या पाठ्यपुस्तकात 1857 म्हटलं की झाशी, कानपूर, दिल्ली. चहाच्या बागेचा मालक फासावर गेला हे मला तरी शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आता चवीकडे. आसामचा चहा लंडनच्या लोकांना सुरुवातीला फार तीव्र वाटायचा. त्यांच्या जिभेला चिनी चहाची सवय, तो हलका आणि सुवासिक. मग तिथल्या व्यापाऱ्यांनी युक्ती केली. चिनी चहात थोडा आसाम मिसळायचा, म्हणजे त्याला "अंग" येतं. मिश्रण, ज्याला आज आपण ब्लेंड म्हणतो, त्यात आसामचं काम हेच होतं, दुसऱ्याला बळ देणं. आणि 1880 च्या दशकाच्या शेवटी परिस्थिती उलटली. ब्रिटनमध्ये चीनपेक्षा भारताचा चहा जास्त जाऊ लागला. जो मसाला म्हणून आला होता, तोच भाजी झाला.

यामागे यंत्रं होती, आणि यंत्रांपेक्षा जास्त माणसं होती. छोटा नागपूर आणि आसपासच्या भागातून हजारो कुटुंबं करार करून आसामात नेली गेली. 1865 च्या कायद्याने महिन्याची किमान मजुरी ठरवली: पुरुषाला 5 रुपये, बाईला 4, मुलाला 3. त्याच कायद्याने मळेवाल्याला पळून गेलेल्या मजुराला वॉरंटशिवाय पकडायची मुभाही दिली. म्हणजे एकाच कागदावर पगारही आणि बेडीही. 1921 च्या मे महिन्यात चरगोला खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून गावाकडे पायी निघाले. चांदपूरच्या रेल्वे स्टेशनवर रात्री त्यांच्यावर गुरखा शिपाई सोडले गेले. चहाचा इतिहास सांगताना हे बाजूला ठेवून फक्त सुगंधाबद्दल बोलणं मला जमत नाही.

बरं, तरीही एक कोडं राहतंच. हे सगळं झालं तरी भारतातला सामान्य माणूस चहा पीतच नव्हता. आमच्याच पुण्यात तर चहा पिणं हा वादाचा विषय होता. 1890 च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि तिथे चहा-बिस्किटं ठेवली गेली. हजर असलेल्यांत टिळकही होते आणि रानडेही. गोपाळराव जोशी (हो, डॉ. आनंदीबाईंचे यजमान) यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. वाद चहाच्या चवीचा नव्हता, तो कुणाच्या हातचा हा होता. पण विचार करा, ज्या गावात आज कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्य आहे, तिथे एका कपावरून धर्मसंकट उभं राहिलं होतं!

मग बदललं काय? दोन गोष्टी. एक जाहिरात आणि एक यंत्र.

जाहिरातीचं थोडक्यात सांगतो. 1903 मध्ये निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे 1937 मध्ये चहाचा खप वाढवण्यासाठीचं मंडळच आलं. रेल्वे स्टेशनांवर देशी भाषांतले पत्रे लागले: ताजं पाणी उकळा, किटली गरम करा, कपामागे एक चमचा, मग झाकून ठेवा. गाड्या फिरल्या, घरोघरी प्रात्यक्षिकं झाली. आणि लोकांनी काय केलं? सगळं ऐकलं आणि पातेल्यात दूध, साखर, आलं, पावडर एकदम टाकून उकळलं. प्रचारकांना हे अजिबात आवडत नव्हतं, कारण मसाला आणि दूध आलं की पावडर कमी लागते. मला हा भाग फार आवडतो. यूजर मॅन्युअल एक सांगतं, यूजर दुसरंच करतो, आणि शेवटी यूजरचीच पद्धत प्रॉडक्ट होते.

आता यंत्र. मंडळी, इथे जरा थांबूया, कारण कडकपणाचा खरा जन्म इथे आहे. 1930 च्या सुमारास आसामातल्या आमगुरी बागेत विल्यम मॅककर्चर नावाच्या व्यवस्थापकाने एक यंत्र बसवलं. शेजारी शेजारी दोन लोखंडी रूळ, त्यांना दाते, दोन्ही उलट दिशेने फिरणारे. गंमत वेगात आहे. आजच्या यंत्रात एक रूळ मिनिटाला साधारण 70 फेरे घेतो, दुसरा 700. मधून पान गेलं की ते चिरडतं, फाटतं आणि गोळी वळतं. या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच नाव पडलं, सीटीसी. आपण दुकानात ज्याला ममरी म्हणतो ती हीच.

यात विशेष काय? जुन्या पद्धतीत पान वळलं जायचं, त्यात थोड्याच पेशी फुटायच्या. सीटीसीत जवळजवळ सगळ्याच फुटतात. पेशी फुटली की आतला रस आणि एन्झाइम एकत्र येतात, हवा लागते आणि पान हिरव्याचं तांबडं व्हायला लागतं. यातून दोन प्रकारची द्रव्यं तयार होतात. थिआफ्लेविनमुळे चहाला झळाळी आणि जिभेवरची चुणचुण येते. थिआरुबिजिनमुळे गडद रंग आणि भरीवपणा येतो. गोळी बारीक, म्हणजे पाण्याला भिडणारा पृष्ठभाग जास्त, म्हणजे सगळं झटकन पाण्यात उतरतं. एका किलोत कप जास्त निघतात. सुगंध मात्र बराच जातो. हा सौदा आहे: सुवास द्या, ताकद घ्या. दूध घालून पिणाऱ्या आणि पैसे मोजून पिणाऱ्या देशाला हा सौदा मानवला. स्वातंत्र्यानंतर सीटीसी पसरलं आणि आज भारतात होणारा बहुतांश चहा सीटीसीच असतो. तेव्हा "आपला पारंपरिक कडक चहा" ही परंपरा माझ्या आजोबांच्याच वयाची आहे!

दुधाचंही गणित इथेच सुटतं. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून तुरटपणा मऊ होतो. हलक्या चहात दूध घातलं की चहा बेपत्ता होतो, सीटीसी मात्र दुधातूनही बोलतो. गांधीजींनी 1942 मध्ये आपल्या पुण्यातल्याच आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर पुस्तक लिहिलं, त्यात या तुरट द्रव्याचीच, टॅनिनची, तक्रार आहे. चामडं कमवायला वापरतात ते पोटात कशाला, असा मुद्दा. उकळलेल्या चहाचा जोर त्यांना बरोबर कळला होता, फक्त आवडला नव्हता.

आता चाखण्याकडे येतो. चहा चाखायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 3103, साल 1980. याचा मूळ मसुदा ब्रिटिश मानक संस्थेचा, आणि त्यासाठी 1999 मध्ये त्यांना इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं. लोक हसले, पण मी वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही. ते छान स्पेसिफिकेशन आहे. चिनी मातीचं पांढरं भांडं, 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम चहा, उकळतं पाणी, झाकण, बरोबर 6 मिनिटं. हा उत्तम चहा करायचा नियम नाही हं. कुणीही, कुठेही केला तरी तुलना करता यावी, एवढाच त्याचा हेतू. दूध घालायचं तर ते आधी, असं मानक म्हणतं. उलट जॉर्ज ऑरवेल (जन्म आपल्या बिहारमधल्या मोतिहारीचा) 1946 च्या लेखात 11 नियम सांगतो आणि दूध नंतरच घाला म्हणतो. चहा भारताचा किंवा सिलोनचाच हवा आणि कडक हवा, हेही त्याचंच म्हणणं.

मी घरी करून पाहिलं. किचनमधला डिजिटल काटा, चार पांढरे मग, मोबाइलचा टायमर, दोन रूममेट. एकात आसाम ममरी, दुसऱ्यात डस्ट, तिसऱ्यात आसामचाच पण जुन्या पद्धतीचा लांब पानांचा, चौथ्यात निलगिरी. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, उकळल्याशिवाय चहा होतो का? ते तर रंगीत पाणी."

पण त्या रंगीत पाण्यात फरक स्पष्ट दिसतात. चाखताना चमचाभर घ्यायचा आणि जोरात फुर्रर आवाज करत ओढायचा. बशीतून पिणाऱ्या आजोबांची पद्धत शास्त्रशुद्ध होती, कारण हवेबरोबर सुवास नाकाच्या मागपर्यंत जातो. डस्टचा रंग पहिल्याच मिनिटात काळपट लाल झाला, चव एकाच ठिकाणी येऊन आदळली. ममरी भरीव, हिरड्यांना धरणारी. लांब पानाचा रंग फिका, पण त्यात भाजलेल्या धान्यासारखा गोडसर वास, आसामच्या मे-जूनच्या तोडणीची ही ओळख. निलगिरी सगळ्यांत स्वच्छ आणि सगळ्यांत सौम्य. मग प्रत्येकात दूध घातलं. निलगिरी आणि लांब पान दोन्ही मागे पडले, ममरी मात्र तांबूस सोनेरी होऊन उभी राहिली.

ब्लेंडर हेच काम रोज करतो, शेकडो कपांवर. उत्तर भारतातल्या बागा हिवाळ्यात बंद असतात, पावसाळ्यातला माल वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा. तरी तुमच्या पाकिटाची चव जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये सारखीच लागते. ती सारखी ठेवण्यासाठी आतलं मिश्रण सतत बदलावं लागतं. आउटपुट तोच, आतला कोड दर महिन्याला वेगळा. आणि हो, पाणीही बघा. बोअरच्या जड पाण्यात चहावर तवंग येतो आणि रंग मळकट दिसतो, त्यात पावडर वाढवून उपयोग नाही.

मग घरचा कडक कसा करायचा? माझं सध्याचं असं: तीन भाग ममरी, एक भाग डस्ट, आणि चवीपुरतं लांब पान. दोन कपांसाठी दीड कप पाणी उकळायचं, आलं ठेचून त्यातच. दोन चमचे मिश्रण टाकून मंद आचेवर दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. जास्त उकळलं की कडक होत नाही, कडू होतं, आणि या दोन्हींत फरक आहे. दूध वेगळं तापवून घालायचं, एक उकळी, गॅस बंद, झाकण ठेवून मिनिटभर, मग गाळायचं. थंड दूध ओतून पुन्हा पाच मिनिटं रटारटा उकळणं माझ्या मते पावडरीचा अपमान आहे, पण आईसमोर हे बोलायची माझी हिंमत नाही.

त्या दिवशी पाचवा मगही केला होता. आसामच्या मळ्यांत पानं खुडणाऱ्या बाया काम करताना जो चहा पितात, तो काळा असतो, दुधाविना, आणि त्यात साखरेऐवजी मीठ. दिवसभर घाम गाळायचा म्हणून मीठ. त्या मिठामुळे मळ्यांत रक्तदाबाचा त्रास वाढतो, असं तिथे तपासण्या करणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं आहे. तीच ममरी, चिमूटभर मीठ, 6 मिनिटं. पहिल्या घोटाला रूममेटने तोंड वाकडं केलं. दुसऱ्या घोटाला चहा कमी आणि पेज जास्त वाटायला लागला. तिसरा घोट कुणी घेतला नाही, मग तसाच राहिला आणि रात्रीपर्यंत त्यावर तवंग धरला.