विंटेज मोटारगाड्यांचा जीर्णोद्धार

विंटेज मोटारगाड्यांचा जीर्णोद्धार : जुनी मोटारगाडी शक्यतो तिच्या मूळ भागांसह चालू स्थितीत ठेवणे व ती मोडकळीस आली असल्यास पूर्वस्थितीत आणणे, या कार्यास मोटारगाडीचा जीर्णोद्धार म्हणतात. नित्याच्या दुरुस्तीत गाडी पुन्हा चालू लागावी एवढाच हेतू असतो. जीर्णोद्धारात त्याखेरीज गाडी ज्या काळी व ज्या रीतीने घडविली गेली, त्याची साक्ष टिकविण्याचाही हेतू असतो. महाराष्ट्रात हे काम संग्रहालयांपेक्षा मालकांच्या घरी, वाड्याच्या वा बंगल्याच्या आवारात आणि ओळखीच्या मेस्त्रीच्या साहाय्याने होत आले आहे. त्याचा उगमही केवळ हौसेत नसून सुट्या भागांच्या दीर्घकालीन टंचाईत आहे. या उगमामुळे येथील जुन्या गाड्या वाचल्या आणि त्याच उगमामुळे त्यांच्या अस्सलपणाचा प्रश्नही बिकट झाला.

कालविभाग : ब्रिटनमधील व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब या १९३४ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या गणनेनुसार १९१९ ते १९३० या काळात बनलेल्या गाड्यांना विंटेज म्हणतात. त्यापूर्वीच्या गाड्यांना व्हेटरन अशी संज्ञा आहे. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (स्थापना १९६६) मात्र किमान तीस वर्षे जुनी, ऐतिहासिक दृष्ट्या योग्य स्थितीत जतन केलेली व रोजच्या वाहतुकीसाठी न वापरली जाणारी गाडी ऐतिहासिक मानली आहे. भारतात बोलीभाषेत विंटेज हा शब्द पुष्कळ सैलपणे वापरला जातो आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्यांनाही तो लावला जातो.

मोटारींचे आगमन : मुंबईत मोटारगाड्या १८९८ च्या सुमारास आल्या. पहिल्या मालकांत जमशेटजी टाटा यांचा समावेश होता. त्या काळी रस्ते बैलगाड्यांसाठी बांधलेले होते व घाट चढणे ही नव्या यंत्राची खरी कसोटी समजली जाई. १९०८ साली झालेल्या मुंबई-कोल्हापूर विश्वसनीयता चाचणीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट गाडी सह्याद्रीचे घाट ओलांडून यशस्वी ठरली. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानिकांनी विकत घेतली. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल ॲसोसिएशन ही मोटारमालकांची संस्था मुंबईत १९१९ साली स्थापन झाली. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने शिवडी येथे सुट्या भागांपासून गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला, त्यामुळे मोटार संस्थानिकांच्या पागेतून डॉक्टर, वकील व व्यापारी यांच्या घरी आली.

टंचाई आणि मेस्त्री : स्वातंत्र्योत्तर काळात देशी उद्योगास संरक्षण देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. गाड्या केवळ जुळविणाऱ्या व देशात भाग बनविण्यास तयार नसलेल्या कंपन्यांना वाव उरला नाही. परिणामी १९५३-५४ मध्ये जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील कारखाने बंद केले. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ला येथील कारखाना आणि हिंदुस्थान मोटर्स यांच्यासारखे मोजके उत्पादक राहिले. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे व परदेशी भाग आणणे जवळजवळ अशक्य होते. अशा स्थितीत जुनी गाडी टाकून देणे परवडणारे नव्हते.

येथून मेस्त्रीचे महत्त्व वाढले. तुटलेला भाग नमुना म्हणून घ्यावयाचा, त्यावरून लाकडी साचा करून बिडाचे वा पितळेचे ओतकाम करावयाचे आणि लेथवर त्यास माप द्यावयाचे, ही पद्धत सर्वत्र रुळली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ओतशाळा व यंत्रशाळा, कुर्ल्याचा भंगार बाजार आणि मुंबईतील चोर बाजार ही या व्यवहाराची परिचित ठिकाणे होत. एका गाडीचा भाग दुसरीस बसविणे, जीपचे दंतचक्र किंवा ॲम्बॅसडरचा पंप जुन्या ब्रिटिश गाडीत जुळवून घेणे, यांत कोणास गैर वाटत नसे. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा अनेक मोठ्या अमेरिकन गाड्यांची पेट्रोल एंजिने काढून तेथे डीझेल एंजिने बसविण्यात आली. आज संग्राहकास खटकणारे हे बदल त्या काळी गाडीच्या अस्तित्वाची अट होते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

संस्थानी गाड्या व निर्यात : मराठी राजघराण्यांच्या गाड्यांचा वेगळा उल्लेख करावा लागेल. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकात युरोप व अमेरिकेतील नामांकित बांधणीकारांकडून अनेक वेगवान गाड्या बनवून घेतल्या. त्यांच्यासाठी लंडनच्या गर्नी नटिंग या संस्थेने ड्यूसेनबर्ग एसजे सांगाड्यावर बांधलेली उघडी गाडी प्रसिद्ध असून ती पुढे अमेरिकेत गेली. संस्थानांचे विलीनीकरण व १९७१ साली झालेली तनख्यांची समाप्ती यांमुळे अशा गाड्या पोसणे कठीण झाले आणि परदेशी संग्राहकांनी त्यांची खरेदी केली. हा ओघ थांबविण्यासाठी शासनाने विंटेज गाड्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात संस्थानकालीन मेबाख गाडी बाहेर काढण्याचा प्रघात मात्र टिकून आहे. यंत्र हे सार्वजनिक परंपरेचा भाग कसे होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

भारतात जुन्या गाड्यांची दौड भरविण्याची प्रथा द स्टेट्समन या वृत्तपत्राने १९६४ साली दिल्लीत सुरू केली. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या संस्थेने हे काम पुढे नेले. तिच्याशी निगडित असलेले उद्योगपती व संग्राहक प्राणलाल भोगीलाल (१९३७–२०११) यांचा मोठा संग्रह अहमदाबादजवळ कठवाडा येथे ठेवलेला आहे.

स्पोर्ट्‌स मोटारींची रचना : घरगुती जीर्णोद्धारास स्पोर्ट्‌स मोटार विशेष अनुकूल असते. ती आकाराने लहान, दोन आसनांची, घडीच्या टपाची आणि साध्या रचनेची असते. एमजी या ब्रिटिश बनावटीची टीसी (१९४५–४९) व टीडी (१९५०–५३) ही प्रतिमाने याची उत्तम उदाहरणे होत. टीसी गाडीत पोलादी सांगाड्यावर ॲश लाकडाची चौकट व तीवर पत्रा अशी बांधणी असून १,२५० घ. सेंमी. क्षमतेचे चार सिलिंडरांचे एंजिन व दोन कार्ब्युरेटर असतात. या एंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे आहेत, पण त्यांची डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाच्या पान्यात बसणारी आहेत. ही गोष्ट ठाऊक नसल्यास बाजारातील साधा बोल्ट जबरीने पिळला जाऊन मूळ आटा नष्ट होतो. जुन्या गाडीचे बरेचसे नुकसान काळाने नव्हे, तर अशा अज्ञानाने होते.

कार्यपद्धती : जीर्णोद्धाराचा प्रारंभ पान्याने न करता नोंदीने करावयाचा असतो. गाडी उकलण्यापूर्वी तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतात. सांगाडा व एंजिन यांवरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहतात. काढलेल्या प्रत्येक भागास चिठ्ठी बांधतात आणि एका जोडणीचे खिळे-बोल्ट एकाच डब्यात ठेवतात. गाडी केवळ जॅकवर उभी ठेवून तिच्याखाली काम करणे अत्यंत धोक्याचे असल्याने भक्कम आधार द्यावे लागतात. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टस असते, म्हणून त्यांची धूळ फुंकून न उडविता ओल्या फडक्याने पुसून काढावी लागते.

एंजिन उघडल्यावर सिलिंडरांची झीज मोजतात. ती मर्यादेबाहेर असल्यास सिलिंडर थोडे मोठे कोरून त्यांत मोठ्या मापाचे दट्टे बसवितात. १९३० पूर्वीच्या अनेक एंजिनांत बेअरिंग सुटे नसून संयोगी दांड्यातच कथिलप्रधान पांढरा धातू ओतून व नंतर हाताने खरवडून तयार केलेले असते. हे काम करणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. झडपा त्यांच्या बैठकीवर घासून बसविणे, कार्ब्युरेटर स्वच्छ करून जोडीने जुळविणे, सुती वेष्टनाच्या तारा बदलणे ही कामे मात्र चिकाटीचा मालक घरीच करू शकतो. पत्र्यातील गंज पूर्ण काढल्याखेरीज त्यावर लांबी भरून रंग दिल्यास गंज आतून वाढतच राहतो. बाजारात विकावयास काढलेल्या अनेक चकचकीत गाड्यांचा हाच मोठा दोष असतो.

हवामान व रस्त्यावरील परीक्षा : कोकण व उत्तर कोकणातील हवामान जुन्या गाडीस प्रतिकूल आहे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील आटगाव हे मुंबई-नाशिक लोहमार्गावरील व महामार्गालगतचे गाव या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. तानसा जलाशयाच्या या परिसरात जून ते सप्टेंबर या काळात २,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो. अशा हवेत पत्रा सांध्यांतून गंजतो, लाकडी चौकट कुजते, कातडी बैठकींवर बुरशी चढते व उंदीर तारांची वेष्टने कुरतडतात. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवणे, विद्युत् घट सोडवून ठेवणे, खाली हवा खेळती राहील अशी व्यवस्था करणे आणि आच्छादन म्हणून मेणकापडाऐवजी सुती कापड वापरणे हितकर असते. मेणकापडाखाली ओल कोंडून राहते. कुजलेल्या ॲश लाकडाच्या जागी भारतीय बांधणीकारांनी पूर्वीपासून सागवान वापरले आहे. शहापूर-मुरबाडच्या वनपट्ट्यात साग हा प्रमुख वृक्ष आहे. सागवान दमट हवेत अधिक टिकते, पण ते वापरल्याने मूळ बांधणीत बदल होतो, हेही खरे.

दुरुस्त झालेल्या गाडीची परीक्षा सपाट रस्त्यावर पुरी होत नाही. मुंबईहून नाशिककडे जाणारी गाडी शहापूर, आटगाव व खर्डी मागे टाकून कसाऱ्यास येते आणि तेथून थळ घाट चढून इगतपुरीच्या पठारावर पोहोचते. या चढणीवर पाण्याच्या टाकीतील साचलेला गाळ, पंख्याचा सैल पट्टा किंवा चुकीची प्रज्वलनवेळ यांपैकी कोणताही दोष पाणी उकळवून स्वतःस प्रकट करतो, तर उतरणीवर ब्रेकांची कसोटी लागते. १९०८ च्या चाचणीत घाटांना जे स्थान होते, ते आजही फारसे बदललेले नाही.

इंधनाचा प्रश्न अलीकडचा आहे. २००० साली देशभर शिसेरहित पेट्रोल रूढ झाल्यावर जुन्या एंजिनांच्या झडपांच्या बैठकी लवकर झिजू लागल्या व तेथे कठीण धातूची कडी बसविणे भाग पडले. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील एथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे. एथेनॉल जुन्या रबरी नळ्या व बुचांची झिलई यांस अपाय करते, तसेच हवेतील ओल शोषून टाकीत गंज वाढविते.

अस्सलपणाचा प्रश्न : कोणत्या अवस्थेस मूळ समजावयाचे, हा जीर्णोद्धाराचा मध्यवर्ती प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या तूरिन सनदेत जुन्या इमारतींच्या जतनासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेची तत्त्वे मोटारींस लागू केली आहेत. शक्य तेथे जतन करावे, आवश्यक तेवढाच जीर्णोद्धार करावा व नवे भाग ओळखू यावेत, असा तिचा आशय आहे. या दृष्टीने कोल्हापुरात ओतलेला बिडाचा भाग हा खोटा भाग न ठरता त्या गाडीच्या भारतीय चरित्रातील एक प्रकरण ठरतो. तो काढून टाकून परदेशातून आणलेला नवा भाग बसविणे म्हणजे गाडी अधिक अस्सल करणे असे निःशंकपणे म्हणता येत नाही.

कायद्याची भूमिका निराळी आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बाह्यकाया वा एंजिन यांत फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने तीस पात्र आहेत. अशा वाहनास ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे टिकते. वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, दौड, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. या नियमांनी जुन्या गाड्यांना भंगारापासून संरक्षण दिले, हे मोठेच कार्य होय. परंतु टंचाईच्या काळात एंजिन बदलूनच जी गाडी जगली, ती या व्याख्येत बसत नाही. ज्या कारागिरीने गाडी वाचविली, तीच कारागिरी तिच्या मान्यतेच्या आड येते.

हा प्रश्न संस्थानी गाड्यांपुरता मर्यादित नाही. कुर्ल्यात १९५४ पासून बनलेली फियाट व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी ही महाराष्ट्रात घडलेली, मध्यमवर्गाची व टॅक्सीचालकांची गाडी होती. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पन्नाशी ओलांडलेल्या अशा गाड्या आता विंटेज नोंदणीच्या वयात आल्या आहेत, पण त्यांपैकी बहुतेकांचे भाग अनेकदा बदललेले आहेत. त्यांना किती मूळ मानावयाचे, हे ठरविताना सुटे भाग मोजण्याइतकेच ते भाग हाताने घडविणाऱ्यांचे ज्ञान नोंदविणे महत्त्वाचे आहे. पांढरा धातू ओतणारा वा लाकडी साचा कोरणारा मेस्त्री सहसा काही लिहून ठेवीत नाही. त्याची विद्या शेजारी बसून काम करणाऱ्या मालकाकडे वा शागिर्दाकडे गेली तरच उरते. घराच्या आवारात चाललेला जीर्णोद्धार हे अशा हस्तांतराचे आज उरलेले एक प्रमुख स्थान आहे.