घर हवाली करण्याची रीत (सेनगाव, जि. हिंगोली)

विकलेल्या घराचा ताबा देताना घेणाऱ्यासाठी मागे काय ठेवायचे, त्याला काय सांगायचे आणि कोणत्या रीतीने उंबरठा ओलांडायचा, या सगळ्याला मिळून मराठीत एक रूढ शब्द नाही. नव्या घरात शिरण्याला ‘घरभरणी’ आहे, ‘वास्तुशांत’ आहे. निघण्याला मात्र ‘ताबा देणे’, ‘किल्ल्या देणे’ किंवा ‘घर हवाली करणे’ एवढेच म्हणतात. शब्द नसला तरी रीत आहे. मराठवाड्याच्या या भागात ती कागदापेक्षा तोंडी आणि पुरुषांपेक्षा बायकांच्या हातून अधिक चालत आली आहे.

सेनगाव हे हिंगोली जिल्ह्यातील पाच तालुक्यांपैकी एका तालुक्याचे ठिकाण. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. एका अंगाला जिंतूर, दुसऱ्या अंगाला वाशीम जिल्ह्यातील रिसोड, म्हणजे मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरचा हा मुलूख. शेतीवर चालणाऱ्या अशा गावात घर सहजासहजी विकले जात नाही. मुलीचे लग्न, दवाखान्याचा खर्च, अंगावरचे कर्ज, भावाभावांच्या वाटण्या किंवा पोरांच्या शिक्षणासाठी नांदेड, संभाजीनगर, पुण्याला जाणे, यांपैकी काहीतरी मागे असते. मोठे घर घेण्यासाठी लहान विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. येथे विकणारा पुष्कळदा मन घट्ट करून विकतो. म्हणूनच येथील शिष्टाचार एकतर्फी नाही. विकणारा घेणाऱ्यासाठी काही ठेवतो, तसा घेणाराही विकणाऱ्याचा मान करतो. ‘कुणाचा तळतळाट घेऊन घरात शिरू नये’ ही भावना या रीतीच्या मुळाशी आहे, आणि तिला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. अडलेल्याकडून पडत्या भावात घर घेणाऱ्याला ती थोडी तरी लाज शिकवते.

ताब्याचा दिवस ठरवताना अमावास्या टाळतात. सामान टेम्पोत चढण्याआधी घर झाडून घेतात, कारण माणसे बाहेर पडल्यावर लगेच केर काढू नये असा संकेत आहे. फुटकी भांडी, बंद पडलेले घड्याळ, झिजलेली केरसुणी, फाटक्या गाद्या मागे ठेवणे अशुभ मानतात. शुभाशुभ सोडून दिले तरी नव्या माणसाला दुसऱ्याच्या अडगळीने सुरुवात करायला लावू नये, हा शहाणपणा त्यात आहेच. रीत पाळणारे घर निघण्यापूर्वी देवळीत दिवा लावते आणि पाण्याने भरलेली घागर किंवा तांब्या ठेवते. रिकामे, अंधारे घर कुणाच्या हाती द्यायचे नाही. मराठीत दिवा विझवत नाहीत, तो ‘वाढवतात’. तसेच घर सोडणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. विकलेल्या घराच्या उंबरठ्यावरसुद्धा शब्द तोच राहतो.

घर सोडून जाणाऱ्या बाईची ओटी भरणे हा या दिवसाचा सर्वांत जिवंत भाग. घेणाऱ्या घरची बाई तिला हळदकुंकू लावते; खण, नारळ आणि तांदूळ किंवा गहू ओटीत घालते. ऐपत असेल तर साडीचोळी करते. शेजारणीही येतात. ज्या बाईने त्या अंगणात वीस-तीस वर्षे सडा घातला, तिचे नाव अनेकदा खरेदीखतावर मालक म्हणून नसते. घर हातचे गेल्याची जाहीर दखल तिला या ओटीतच मिळते. याची एक दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. वडिलोपार्जित मिळकतीत बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली की तिचीही साडीचोळीवर बोळवण होते. एकीकडे मान म्हणून दिलेले लुगडे दुसरीकडे हक्काच्या बदल्यात दिले जाते, आणि दोन्हींना एकाच तराजूत तोलणे चूक ठरेल.

देव मात्र मागे राहत नाहीत. देवघरातील टाक, कुलस्वामिनी मग ती तुळजापूरची असो की माहूरची, खंडोबा, हे सगळे विकणाऱ्यासोबत जातात. कोनाडा तेवढा रिकामा राहतो. अंगणात बांधलेले तुळशीवृंदावन घराबरोबरच दिले जाते. यहुदी परंपरेत देव सोबत नेण्याच्या या रीतीच्या नेमके उलट आहे. दाराच्या चौकटीला लावलेला मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची लहान गुंडाळी, पुढचा राहणारा यहुदीच असेल तर काढून नेऊ नये असे तल्मूदात सांगितले आहे. आपल्याकडे देव कुटुंबाचे, तिकडे ते वचन दाराचे. सेनगाव तालुक्यात सगळी घरे एका धर्माचीही नाहीत. मुस्लिम कुटुंबे नव्या घरात कुराणखानी ठेवतात, बौद्ध कुटुंबे वंदना आणि परित्राणपाठ करतात. ओटीची रीत तेथे लागू नाही. पाणी भरून ठेवण्याची मात्र कुठल्याही घरात चालते.

पाणी हा या मुलखातील खरा नजराणा. विकणाऱ्याने रांजण किंवा टाकी भरून ठेवली तर पहिल्या संध्याकाळी घेणाऱ्या बाईला घागर घेऊन शेजारी जावे लागत नाही. त्याहून मोठी भेट म्हणजे माहिती. बोअर किती फूट आहे, पाणी कितव्या फुटाला लागले, मोटार किती फुटांवर सोडली आहे, उन्हाळ्यात कोणत्या महिन्यापासून धार बारीक होते, नळाला पाणी किती दिवसांआड आणि किती वाजता येते, आडाचे पाणी पिण्याचे की वापरायचे. हे खरेदीखतात नसते. न सांगितल्यास नव्या माणसाला ते कळायला एक आख्खा उन्हाळा जातो, आणि कोरड्या बोअरमध्ये जळलेल्या मोटारीचा भुर्दंड वर बसतो. जुन्या माळवदाच्या घराबाबत आणखी सांगायचे असते. छतावर पांढरी माती कधी टाकली, कोणत्या कोपऱ्यात गळते, धान्य साठवायचे भिंतीतले बळद किंवा अंगणातले जमिनीखालचे पेव कोठे आहे. बुजवलेल्या पेवाची जागा ठाऊक नसताना त्यावर भिंत उभारली तर ती खचते.

घर कोणत्या मिस्त्रीने आणि कोणत्या सुताराने बांधले, हे नाव देणेही चांगल्या विक्रेत्याचे लक्षण मानावे. या विषयाला जवळचा एक धागा याच जिल्ह्यात सापडतो. हिंगोली तालुक्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांपैकी एका पदात शेजारीण विचारते की तुझी झोपडी कोणी शाकारली, त्या सुताराचे नाव सांग, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. नामदेवांचे उत्तर भक्तीचे आहे, पण शेजारणीचा प्रश्न घर घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

चौकटी आणि वाशांवरून मात्र भांडणे होतात. जुन्या घरातील सागवानी तुळया, वासे, चौकटी, कवाडे यांना स्वतंत्र भाव येतो, त्यामुळे व्यवहार ठरल्यानंतर आणि ताब्याआधी त्या काढून विकण्याचा मोह होतो. नव्या घरात तीच गत पंखे, नळ, गिझर यांची. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. कलम ८ प्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर घराबरोबर कुलपे, किल्ल्या, गज, दारे, खिडक्या आणि घराच्या कायम वापरासाठी बसवलेल्या इतर सर्व वस्तू घेणाऱ्याकडे जातात. म्हणजे किल्ली ही भेट नाही, हक्क आहे. मराठी दस्तांतील ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप’ ही जुनी शब्दावळही तेच सांगते. पाळणा टांगायची कडी मागे राहते ती याच न्यायाने. तिला टांगलेल्या पाळण्यात पूर्वी कुणाची लेकरे झोपली हे विकणारी बाई आवर्जून सांगते.

त्याच कायद्याचे कलम ५५ शिष्टाचाराच्या पुष्कळ गोष्टींना कर्तव्याचे रूप देते. घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा आणि विकणाऱ्याला ठाऊक असलेला मोठा दोष सांगितला पाहिजे. करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत घराची आणि कागदांची काळजी शहाण्या मालकासारखी घेतली पाहिजे. विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी देणे भरले पाहिजे; घरपट्टी येते ती यात. पूर्ण पैसे मिळाल्यावर मालकीचे कागद द्यायचे, मात्र त्याच कागदांतील मिळकतीचा काही भाग विकणाऱ्याकडे उरला असेल तर ते स्वतःजवळ ठेवण्याचा त्याला अधिकार आहे. हे कलम घेणाऱ्यालाही मोकळे सोडत नाही. विकणाऱ्याला माहीत नसलेली, पण त्याच्या हक्काचे मोल वाढवणारी गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याने ती लपवू नये. अडलेल्याच्या अज्ञानाचा फायदा उठवू नये, ही गावातली जुनी जाण कायद्यातही आहे.

कागदांबाबत मराठवाड्याची एक खास अडचण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे जुन्या घरांचे मूळ कागद कित्येकदा उर्दूत आहेत. घरातल्या कुणालाच वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत जातात. ते जपून, शक्य असल्यास मराठी भाषांतरासह, पुढच्या मालकाला देणे हा मोठाच उपकार आहे. खेड्यांतील गावठाणाच्या घरांना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम झाले. तरी चतुःसीमा शेजाऱ्यांना बोलावून जागेवर दाखवणे थांबू नये. सामाईक भिंत कोणाची, पन्हाळीचे पाणी कुणाच्या अंगणात पडते, बैलगाडीची वाट कुठून, हे ड्रोनला कळत नाही. या भेटीत शेजाऱ्यांची ओळखही होते. गावात त्यापेक्षा मोलाची भेट दुसरी नाही.

इतरत्र हीच वृत्ती वेगळ्या वस्तूंतून दिसते. जर्मनीत आणि पूर्व युरोपात नव्या घरी राहायला आलेल्यांना पाव आणि मीठ देतात. आपल्याकडेही नव्या घरात आधी मीठ, हळदकुंकू आणि पाणी नेण्याची पद्धत आहे. जपानमध्ये एदो काळापासून नवा रहिवासी शेजाऱ्यांना सोबा शेवया देत असे. तेथे भेट येणाऱ्याकडून वस्तीकडे जाते. अमेरिकेत विकणारे उरलेल्या रंगाचे डबे, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, एखादी वाइनची बाटली आणि स्वागताची चिठ्ठी ठेवतात. त्यांतील चिठ्ठी आपण जरूर घ्यावी.

कारण तोंडी रीत आता विरळ होत आहे. विकणारा परगावी राहतो, सही करण्यापुरता दुय्यम निबंधक कार्यालयात येतो, किल्ल्या मध्यस्थ देतो, आणि दोन घरच्या बायका एकमेकींना भेटतच नाहीत. दिवा कुणी लावायचा हाच प्रश्न उरतो. घर विकणाऱ्यांना म्हणून एवढे सांगणे आहे : निघण्याआधी एका कागदावर बोअरची खोली, पाण्याची वेळ, वीज मीटरचा ग्राहक क्रमांक, घरपट्टीची शेवटची पावती, मिस्त्रीचे नाव आणि गळणारा कोपरा लिहा, तो कागद देवळीत ठेवा, आणि शेजारी भरलेला तांब्या ठेवा.