डिस्चार्ज कार्डावरची गोळी

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णाला स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध द्यायलाच हवे, असे १९९४ पूर्वी कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. औषध नवे नव्हते. लोवास्टॅटिन या स्टॅटिनला अमेरिकेत १९८७ मध्येच परवानगी मिळाली होती आणि त्याने कोलेस्टेरॉल उतरते हेही दिसत होते. पण आकडा उतरला म्हणून माणूस वाचतो का? याचे उत्तर नोव्हेंबर १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातून आले. ‘फोर एस’ या चाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते. सुमारे साडेपाच वर्षांत बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण दगावले, तर सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२.

पुरावा आला, तरी गोळी लगेच चिठ्ठीवर आली नाही. आधी पथ्य करून पाहू, कोलेस्टेरॉल पुन्हा तपासू, मग ठरवू, अशी रीत होती. तोवर रुग्ण घरी गेलेला असे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात १९९४ मध्ये ‘चँप’ नावाचा उपक्रम सुरू झाला. रुग्ण खाटेवर असतानाच स्टॅटिन सुरू करायचे, हा त्याचा गाभा. त्यासाठी छापील ऑर्डरी तयार केल्या आणि नोंदी ठेवल्या. घरी जाताना स्टॅटिन मिळालेल्यांचे प्रमाण ६ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेले. रसायन तेच होते, बदलला तो कागद.

इंग्लंडमध्ये २००० साली हृदयरोगासाठी राष्ट्रीय आराखडा आला आणि ‘मिनॅप’ ही देशव्यापी नोंदणी सुरू झाली. अमेरिकेतही घरी जाताना स्टॅटिन लिहून दिले का, हा रुग्णालयांच्या गुणवत्तेचा एक निकष ठरला. वर गोळी मिळालेले रुग्ण, खाली पात्र रुग्ण: वरवर हा साधा अपूर्णांक. खरी मेख खालच्या आकड्यात असते. रुग्णालयातच दगावलेले, दुसरीकडे हलवलेले, औषध न सोसणारे असे रुग्ण त्यातून वगळले जातात. डॉक्टरांनी ‘स्टॅटिन दिले नाही, कारण यकृताचा आजार’ असे लिहिले तर तो रुग्ण हिशेबातून बाहेर. कारण लिहायचे राहिले तर तीच चूक ठरते. म्हणजे उपचाराइतकीच नोंदीची शिस्तही इथे मोजली जाते.

शिवाय चिठ्ठी लिहिली म्हणजे गोळी पोटात गेली असे नव्हे. कॅनडातल्या ऑन्टारिओतील ज्येष्ठ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. झटका किंवा तत्सम तीव्र हृदयविकारानंतर स्टॅटिन सुरू केलेल्यांपैकी दोन वर्षांनी ते नियमित घेणारे ४० टक्केच उरले होते.

अमेरिकेतल्या आरोग्य विमा योजनांची ‘हेडिस’ ही मापनपद्धती बराच काळ रुग्णाचा एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १०० च्या खाली आला का, हे पाहत असे. मात्र २००४ च्या ‘प्रूव्ह-इट’ चाचणीत ॲटॉर्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅमचा जोरदार डोस प्राव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅमपेक्षा सरस ठरला. त्यामुळे स्टॅटिन दिले का, याबरोबर किती जोराचे दिले, हाही प्रश्न आला. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी एलडीएलचे ठरावीक लक्ष्यच सोडले आणि डोसाच्या जोरावर भर दिला. पाठोपाठ ‘हेडिस’नेही जुना निकष काढून टाकला. नव्या निकषात मध्यम किंवा जास्त जोराचे स्टॅटिन औषधाच्या दुकानातून प्रत्यक्ष घेतले का, आणि उपचाराच्या किमान ८० टक्के दिवसांपुरत्या गोळ्या रुग्णाकडे होत्या का, हे विम्याच्या बिलांवरून पाहतात. रोख पैसे देऊन घेतलेली गोळी या हिशेबात येतच नाही.

भारतात बहुतेक रुग्ण गोळ्या रोखीनेच घेतात, त्यामुळे हा मार्ग इथे फारसा चालत नाही. रुग्णालयांतल्या नोंदी मात्र बोलक्या आहेत. ‘क्रिएट’ या नोंदणीत ५० शहरांतले सुमारे २० हजार रुग्ण होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध श्रीमंत रुग्णांपैकी ६१ टक्क्यांना मिळाले, गरिबांपैकी ३६ टक्क्यांना.