अनुशेष : विषमता मोजणारी फूटपट्टी

१/७ मराठवाड्याच्या राजकारणात ‘अनुशेष’ हा शब्द वारंवार कानी पडतो. नांदेड-लातूरच्या रुग्णाशी या हिशेबी शब्दाचे नाते कसे जडले, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/७ १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. भावी मराठी राज्यासाठी १९५३ मध्ये नागपूर करार झाला. त्यात दोन तत्त्वे होती : निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा, मात्र अविकसित मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे. पहिले तत्त्व समानतेचे, दुसरे समन्यायाचे. मात्र ‘विशेष’ म्हणजे नेमके किती, हे अनुत्तरितच राहिले.

३/७ उत्तर शोधण्यासाठी १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. लातूर जिल्हा तेव्हा जेमतेम एक वर्षाचा होता. समितीने जिल्हा हे एकक मानले आणि राज्याची सरासरी हा मापदंड. सरासरीहून जितकी तूट, तितका अनुशेष. सिंचन, रस्ते, शिक्षण यांच्याबरोबर आरोग्यसेवाही मोजली गेली.

४/७ १९८४ चा निष्कर्ष : एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात मराठवाडा सुमारे २४ टक्के, विदर्भ ३९ आणि उर्वरित महाराष्ट्र ३७. पुढारलेल्या मानल्या गेलेल्या विभागाचा वाटा मराठवाड्याहून मोठा! एकक जिल्हा असल्याने तेथील मागास जिल्हेही हिशेबात आले. एकक बदलले की न्यायाचे उत्तरही बदलते.

५/७ हा हिशेब सुविधांच्या तुटीचा होता. उपचारांनी किती जण बरे झाले, हे त्यातून कळत नाही. शिवाय जिल्ह्याच्या सरासरीत शहरातील रुग्णालय आणि दूरच्या तांड्यावरील मजुराची बुडालेली मजुरी एकजीव होऊन जातात. ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच बजावले होते : जेथे गरज अधिक, तेथे चांगली सेवा कमी.

६/७ सरासरी स्थिरही राहत नाही. १९९५ मध्ये नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती मोजली, तेव्हा एकूण अनुशेष सुमारे १४ हजार कोटी निघाला. मराठवाड्याचा सुमारे ४ हजार कोटी. किमती वाढल्या होत्या, आणि पुढे गेलेल्या जिल्ह्यांनी सरासरीही वर नेली होती.

७/७ नांदेडला १९८८ मध्ये आणि लातूरला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. दांडेकर समितीने विषमतेला आकडा दिला, हे तिचे ऐतिहासिक श्रेय. आजच्या आरोग्य-अर्थशास्त्राने त्यापुढचा प्रश्न विचारायला हवा : खर्च किती झाला यासोबतच, आयुष्य कोणाचे वाढले?