ऑपेरा हाउस ते वरळी : पँथरची पाच वर्षं

१९७२ च्या मे महिन्यात गिरगावात अलंकार सिनेमापासून ऑपेरा हाउसकडे चालता चालता नामदेव ढसाळ आणि आपण तरुणांची लढाऊ संघटना काढायचं ठरवलं, असं ज. वि. पवार सांगत आले आहेत. दोघंही कवी. ढसाळांचा ‘गोलपिठा’ त्याच वर्षीचा. लघुअनियतकालिकांतून धारदार लिहिणारे राजा ढालेही लवकरच त्यांच्यासोबत उभे राहिले. ९ जुलैला कामाठीपुऱ्यातल्या सिद्धार्थनगरात ‘दलित पँथर’ची पहिली जाहीर सभा झाली.

तेव्हा गावोगावहून येणाऱ्या बातम्या वाचवत नव्हत्या. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून दोन दलित स्त्रियांची विटंबना झाली. पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात दलित वस्तीवर बहिष्कार पडला. अत्याचारांची जंत्री देणारा एलायापेरुमल समितीचा अहवाल १९७० मध्ये संसदेत मांडला गेला होता आणि रिपब्लिकन पक्षाचे पुढारी गटबाजीत अडकले होते.

पँथर हे नाव अमेरिकेतलं. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत पोलिसांवर पाळत ठेवणं आणि शाळकरी मुलांना सकाळची मोफत न्याहारी देणं, ही दोन्ही कामं तो करत असे. मुंबईच्या तरुणांपर्यंत त्याची कीर्ती पोचली तोवर खुद्द तिथला पक्ष एफबीआयच्या कारवायांनी आणि आपसातल्या फुटीने खिळखिळा झाला होता. पण हे नाव उसनं आणलं असं म्हणणाऱ्यांना मागचा इतिहास माहीत नसावा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आणि पुढे परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षं राहिलेले बाबासाहेब १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागतात, आणि ड्यू बॉइस आस्थेने उत्तर देतात. पँथरने या नात्याला रस्त्यावर आणलं.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दिवशी ‘साधना’त ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि दलित स्त्रीच्या अब्रूला पन्नास, हा हिशेब त्यांनी मांडला आणि महाराष्ट्र हादरला. ऑकलंडच्या पोरांच्या खांद्यावर बंदुका होत्या. इथे एका लेखाने तेवढाच थरकाप उडवला. नायगाव, वरळी, परळच्या चाळींतून पँथरच्या छावण्या उघडल्या. गिरणीत पाळी करून आलेल्या कामगाराचा मुलगा रात्री छावणीत बसायचा, आणि गावाकडून अत्याचाराची खबर आली की पँथर थेट त्या गावात जाऊन उभे राहायचे. माझ्या मते संघटनेचा खरा प्राण या जाण्यात होता. वस्तीला पाठीशी माणसं आहेत हे दिसायचं, आणि तालुक्याच्या पोलिसालाही दिसायचं.

मग १९७४ चा जानेवारी आला. मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला होता. ५ तारखेला वरळीच्या आंबेडकर मैदानातल्या सभेवर दगड आले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि बीडीडी चाळी पेटल्या. १० तारखेला परळमध्ये मोर्चावर वरून दगड पडले, त्यात भागवत जाधव हा तरुण पँथर ठार झाला. निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. बहिष्काराचं बळ दिल्लीपर्यंत कळलं. वरळी-नायगावची दंगल मात्र पुढेही धुमसत राहिली, आणि एका गिरणीच्या भोंग्यावर उठणारी माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. याचं दुःख आजही वाटतं.

संघटना दंगलीने मोडली नाही. १९७३ च्या जाहीरनाम्याने ‘दलित’ शब्दात भूमिहीन, कामगार, स्त्रिया, सगळे शोषित घेतले होते. ढाल्यांना त्यात मार्क्सवादाची घुसखोरी दिसली, ढसाळांना बुद्ध आणि मार्क्स एकाच लढ्यात हवे होते. दोघांचंही म्हणणं प्रामाणिक होतं, म्हणूनच ही फूट जास्त लागते. १९७४ मध्येच वाटा वेगळ्या झाल्या. एक उणीव त्याआधीचीच : जाहीरनाम्यात स्त्रिया होत्या, नेतृत्वाच्या पहिल्या फळीत एकही नव्हती. मार्च १९७७ मध्ये ढाले आणि पवार यांनी पँथर बरखास्त केली. अरुण कांबळे, रामदास आठवले आदींच्या ‘भारतीय दलित पँथर’ने पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा लढवला, ते नामांतर १४ जानेवारी १९९४ ला झालं.

अमेरिकेशी असलेली देवाणघेवाण थांबलेली नाही, फक्त दिशा उलटली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल हे जातिभेदाला कायद्याने बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मल्या, मुंबईत वाढल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक संमत केलं. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी त्यावर नकाराधिकार वापरला.